डोमाचे पाय आणि लाखोरी

१० फेब्रुवारी १९८०, रविवार

डोमा टाचा टेकवतच नाही! दिवाळीत मी करडीला घरी आले होते तेव्हा चांगला चालत होता. आज गोठ्यातून आला तो चवड्यांवर, काठी धरून, गुडघ्यावर गुडघा घासत. अकरा वर्षं आमच्याकडे सालदार आहे, असा कधी पाहिला नाही. विचारलं तर हसला. "वात भरला असन बाई. पाय माहं ऐकूनच नाई राहिले."

बाबा म्हणाले, "थंडीनं होते, जाईन आपोआप."

दुखत नाही म्हणतो. ताप नाही. मग काय?

१३ फेब्रुवारी

तुमसरला परत. कॉलेजात मी अमिनो आम्लं शिकवत होते, मध्येच खडू थांबला. लाखोरी! यंदा धान गेलं म्हणून बाबांनी डोमाला मजुरीत गेल्या सालची लाखोरीची डाळच दिली. चार महिने नवराबायको दोघंही तिच्यावरच आहेत – सकाळी तिची भाकर, संध्याकाळी तिचंच वरण. ह्या डाळीत विष असतं अशी एक ओळ एम.एस्सी.ला वाचली होती. एकच ओळ! पुढे काही आठवत नाही. नागपूरला माझ्या एम.एस्सी.च्या सरांना पत्र टाकलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

बाबांशी भांडण.

"तुह्या आज्यानं खाल्ली, म्या खाल्ली, तुले खाऊ घातली. आमचे पाय काहून नाई आखडले?"

आपल्या ताटात तूर असते, दूध असतं, म्हटलं.

"आन रुखमा? तेबी तेच खाते. ते तं धडधड चालून राहिली!"

खरंच की. डोमाची बायको तीच डाळ खाते आणि डोक्यावर दोन घागरी घेऊन येते. मग बाबांनी धानाची कोठी उघडून दाखवली. तळ दिसत होता. "हाय काय आत? असन तं दे त्याले."

बाबा वाईट नाहीत. की आहेत? मी तरी कोणत्या घरची!

१ मार्च

सरांचं पत्र आलं. दोन आकृत्या काढून पाठवल्यात. दहा वेळा पाहिल्या.

रेणूत दोन नायट्रोजन. ऑक्झॅलिल गट टोकाच्या नायट्रोजनला लागला तर विष. तोच गट आतल्या नायट्रोजनला लागला तर जवळजवळ निरुपद्रवी! अणू तेच, तेवढेच, वजन तेच. जागा फक्त बदलली. विषारी रेणूची ठेवण ग्लुटामिक आम्लासारखी दिसते, आणि ते तर मज्जातंतूंच्या रोजच्या कामातलं. म्हणून मज्जातंतू ह्यालाही आपलंच समजून आत घेतात – असा अंदाज आहे, सर लिहितात.

मग पायच का? हात का नाही? एकाच घरात डोमाला झालं, रुखमाला का नाही? "बाईमाणसांना कमी होतं असं दिसतं. कारण ठाऊक नाही." सरांनी स्वच्छ लिहिलंय.

खाली आणखी तीन ओळी. तापवलं की काही रेणू दुसऱ्या रूपात पालटतात. पाण्यात हे विष सहज विरघळतं. गेलेले पाय बहुधा परत येत नाहीत.

वर्गात असले फरक मी पाच गुणांसाठी विचारते.

२ मार्च, रविवार

धान नाही तर नाही, डाळ तरी धुता येईल! रुखमाला ओट्यावर बसवून सांगितलं – डाळ भरपूर पाण्यात उकळ, पाणी काढ, नवं पाणी घाल, मग डोमाला दे. "काहून?" म्हणाली. रेणू कसा सांगू तिला? विष हा शब्द जिभेवर आला होता. पण बाबा दारातच उभे होते. त्यांच्याच कोठीतली डाळ. म्हटलं, "ते पाणी डोमाला सोसत नाही."

मान डोलावली तिने. शहाणी आहे.

२३ मार्च

बाबा मुद्दाम माझ्यासमोर लाखोरीचं वरण खातात. वर तूप! तीन आठवडे झाले. जेवून उठतात आणि तरातरा बांधावर जातात. मीच चुकले का? सरही चुकले असतील? काहीच कळेनासं झालंय.

१३ एप्रिल, रविवार

डोमाचं वाढलेलं नाही!! दीड महिन्यात एवढंही नाही. काठीवर गोठ्यापर्यंत जातो, बैलांना वैरण टाकतो. "तुमच्या औषदानं थांबलं बाई," म्हणाला. औषध कसलं, नुसतं पाणी काढून टाकलं. परतताना बसमध्ये उगाच हसू येत होतं. बाबांच्या ताटात आज वरण तुरीचं होतं.

११ मे, रविवार

रुखमा अंगण सारवत होती. मी हाक मारली तशी उठली – भिंत धरून. दोन पावलं आली. टाचा टेकत नव्हत्या.

"ते पाणी कायले फेकू बाई? सारा कस त्याच्यातच उतरते. मीच पेतो, दोनी टाईम. तुमीच तं सांगतलं, यायले सोसत नाई म्हून. मले सोसते."