सकाळी पिशवी रिकामी पाहिजे

माय, पेरणी उरकल्यावर एका सकाळी मी खुराड्याचं फळकूट काढलं आणि तांबडी कोंबडी बाहेर आलीच नाही. मी तिला काखेत धरलं आणि तू शिकवलंस तसा गळ्याखाली, छातीच्या वर अंगठा लावला. दाण्याची पिशवी कडक होती. सांजेला ती भरलेली असावी, पण रात्रीतून तिनं रिकामं व्हावं, हे मी शाळेत पाऊल टाकायच्या आधी तुझ्या मांडीवर बसून शिकले. तू माझं बोट धरून एकेका कोंबडीच्या गळ्याखाली फिरवायचीस. "मऊ लागली आन चोचीतून आंबूस वास आला त दाणा बंद, नुसतं पाणी. कडक लागली त तेल. आन आधी इचार कर बाई, हिनं खाल्लं काय?" अक्षरं मी त्यानंतर शिकले.

मी तेल कोमट केलं. चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडलं आणि पिशवी हलक्या हातानं चोळत बसले. बोटांखाली गोल गोल काहीतरी सरकत होतं. सासू दारातून बघत होती. "काय वं, कोंबडीची मालिश करून राह्यली? माह्या गुडघ्याले त कधी हात नाही लावला." मी हसले नाही, तशी ती जवळ आली. "मरून राह्यली ते. मराच्या आधी काप. सांजच्याले रस्सा होते." मी म्हटलं, "तिनं काय खाल्लं ते समजल्याबिगर नाही कापत." "मंग उलटी धर न तिले, पडन सारं बाहेर!" तिनं हात पुढे केला आणि मी कोंबडीला पदराखाली ओढून घेतलं. लहानपणी मी एकदा एका पिल्लाला तसं उलटं धरलं होतं. तू माझ्या मनगटावर फटका मारलास. "उलटं धरशीन त पिशवीतलं पाणी त्याच्या श्वासात जाईन. घाई करनाऱ्याच्या हातून जीव वाचत नाही." तो फटका मला अजून लागतो.

ऊन वर आलं तशी तिनं मान टाकली. सासूनं विळा आणून ठेवलाच होता. मी तिला आंगणातल्या दगडावर ठेवलं आणि फक्त पिशवी चिरली. मेलेली कोंबडी तू तिची पिशवी बघितल्याबिगर कधीच पुरायची नाहीस. तुला तिच्यात काय काय सापडलं होतं, सरकी, सुतळी, एकदा तर शेजारणीच्या कानातला खडा. "माणूस खोटं बोलते, पिशवी नाही बोलत," असं म्हणत तू तो खडा धुऊन तिच्या हातात दिलास.

पिशवीत सोयाबीन होतं. फुगून टरटरलेलं, आणि त्याचं टरफल गुलाबी. आपल्याकडे सगळेच करतात तसं नवऱ्यानं पेरणीच्या आधी बियाण्याला किडीचं गुलाबी औषध चोळलं होतं, आणि जिथं उगवणार नाही तिथं हातानं पुन्हा डोबायला थोडं उरवून डब्यात ठेवलं होतं. डबा वर, फळीवर असायचा. मी आत धावले. तो खाली, कणगीमागे होता आणि त्याला झाकण नव्हतं. सासू माझ्यामागं आली, डब्याकडे पाहिलं आणि आंगणात जाऊन विळा उचलून घेऊन गेली.

लेक ओट्यावर खेळत होती. मी विचारलं, "कोंबडीले काय चारलं वं?"

"गोळ्या."

"तू खाल्ल्या?"

"कोंबडीनं खाल्ल्या."

"आन तू?"

तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. मी ते ओढून पुढे आणले. तळवे गुलाबी होते, आणि बोटांची टोकं तेवढी चाटल्यासारखी स्वच्छ.

आम्ही गाडीवर उमरखेडच्या दवाखान्यात गेलो. औषधाची बाटली मी सोबत नेली. डॉक्टरांनी ती वाचली, पोरीला सांजेपर्यंत ठेवून घेतलं आणि म्हणाले, आता तरी काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा, सुस्त वाटली किंवा लाळ गळाली तर लगेच आणा. घरी येऊन कोंबडी खोल पुरली. अंडीही पुरली. नवऱ्यानं डबा कुलपात ठेवला. बाकीच्या कोंबड्या आंगणात चरतात, आणि त्यांतल्या कोणी काय टिपलं असेल ते मला माहीत नाही.

पेरणीच्या दिवसांत तुझे हातही असेच गुलाबी असायचे, माय. तू ते राखेनं घासायचीस, रंग पुरता जायचा नाही, आणि त्याच हातानं मला पहिला घास भरवायचीस, मग स्वतः जेवायचीस. तू गेलीस तेव्हा ताप म्हणाले. कोणी विचार केला नाही, हिनं खाल्लं काय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते. पोर आता हसते, खेळते, भाकर मागते. तरी रोज सकाळी कोंबड्या सोडून झाल्या की मी झोपलेल्या तिच्यापाशी बसते आणि तिच्या गळ्याखाली अंगठा लावून पाहते. माणसाला तिथं पिशवी नसते, हे मला माहीत आहे.