पळसाच्या पानाखालचं पोवळं

माय,

तुझ्या गळ्यातल्या पोतीत काळ्या मण्यांच्या मधोमध एक तांबडं पोवळं होतं. ते जिवंत असतं, असं मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि शेजारणीला हाक मारली असतीस, "पाय वं बाई, माह्या पोराले ऊन लागलं." पण खरंच असतं ते जिवंत. समुद्रात दगडाला धरून वाढतं, खातं, बोटं पसरतं. आणि समुद्राचा वारासुद्धा जिथे कधी पोचत नाही, मे महिन्यात नळालाही कढत पाणी येतं, त्या आपल्या आदिलाबादेत, माझ्या घरात, काचेच्या टाकीत सध्या पोवळी आहेत.

हा सगळा उद्योग तुझ्या सुनेसाठी. तू गेलीस तेव्हा ती धडधाकट होती, ज्वारीचं पोतं ओढायला कुणाला हाक मारायची नाही. मागच्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं, मग औषधं चालली, केस गेले. आता डॉक्टर म्हणतात बरी आहे, केसही आलेत, पण ती उंबऱ्याबाहेर पडेना. बचत गटाच्या बायांबरोबर ती एकदा विशाखापट्टणमला गेली होती. तिथे काचेमागे पाहिलेली पोवळी तिच्या मनात राहिली असावीत. एका दुपारी आपणहून म्हणाली, "तशी टाकी घरात राह्यती, तं पाहत बसली असती मी." किती महिन्यांनी तिने काही मागितलं होतं! मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. धीर नावाची गोष्ट माझ्याकडे कधी नव्हतीच, तुला माहीत आहे.

टाकी, समुद्रासारखं पाणी करायचं मीठ आणि पोवळी हैदराबादेहून आणली. दिवा मात्र घरीच करायचा ठरवला. दुकानात दिवसभर लोकांचे एलईडी बल्ब दुरुस्त करणारा माणूस, त्याने दिवा विकत आणायचा म्हणजे हलवायाने शेजाऱ्याकडून जिलेबी मागवण्यासारखं झालं. जुन्या ॲम्प्लिफायरमधून ॲल्युमिनियमची पात्यांची पट्टी काढली, म्हणजे उष्णता तिच्यातून निघून जाते. तिच्यावर एलईडी बसवले, निळे जास्त आणि पांढरे कमी, कारण समुद्रात खोलवर निळाच उजेड पोचतो. तारा सोल्डर केल्या, वर बिघडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, खाऱ्या पाण्याचे तुषार दिव्यावर उडू नयेत म्हणून खाली ॲक्रिलिकची पट्टी बसवली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तिन्हीसांज होती. तुझ्या सुनेने सवयीने दिव्याला हात जोडले. भिंती निळ्या झाल्या, तिचा चेहराही निळा झाला आणि ती हसली. मी दिवा पूर्ण जोरावर ठेवून दिला. लग्नाच्या मांडवांना आणि गणपतीला लायटिंग करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि उजेड जास्त झाला अशी तक्रार आमच्या धंद्यात आजवर कुणी केलेली नाही.

थोड्याच दिवसांत पोवळी आकसली आणि पांढरी पडू लागली. त्याच सुमारास मी तिला हट्टाने एका लग्नाला नेलं. चार लोकांत गेली की खुलेल, असं माझं गणित. बायांनी तिच्या केसांना हात लावून लावून चौकशा केल्या. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून निजली. नंतर टाकीकडे पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाली, "मरून राह्यलं ना ते? मी मांगतलं म्हणून आणलं तुमी." मी तिथून उठलो आणि दुकानाचं शटर पाडून आत बसलो. मला भीती वाटली, माय. हे पोवळं गेलं तर ती पुन्हा कधी काही मागणार नाही, असं वाटलं.

आणि तिथे बसल्या बसल्या मला तामसीकडचा आपला मळा दिसतो. ऊन कललंय. तू वांग्याची रोपं लावतेयस आणि मी पळसाची पानं तोडून आणतोय. एकेका रोपावर तू पान उपडं घालतेस, वर ढेकूळ ठेवतेस. रोज संध्याकाळी पानं काढायची, रोपांना दव पिऊ द्यायचं, सकाळी पुन्हा झाकायचं. मला वैताग येतो. "काऊन झाकून राह्यली माय? उन्हाबिगर वाढतीन कशे?" तू मान वर न करता म्हणतेस, "ताप उतरल्या उतरल्या तुले कोनी वखरावर धाडते काय रे? मूळ धरू दे की त्याले. मंग ऊन त्याचंच हाय."

दुकानदाराच्या अंधाऱ्या टाकीतून आणलेली पोवळी मी थेट भर उन्हात उभी केली होती. घरी येऊन तुझी पेटी उघडली. सावलीसाठी तुझं हिरवं लुगडं कापायचं होतं, पण कात्री चालवेना. मग जुनी मच्छरदाणी घेतली, घड्या घालून दिव्याखाली बांधली, दिव्याचा जोरही उतरवला. दर काही दिवसांनी एक पदर कमी करत गेलो. एक पोवळं गेलंच. बाकीच्यांवर हळूहळू रंग चढला, मग एका सकाळी त्यांनी बोटं उघडली. मी एक पदर काढत होतो तेव्हा तुझी सून मागे उभी होती. म्हणाली, "त्याले बरी सवड देऊन राह्यले तुमी." तेवढंच. फळीवर पुढच्या लग्नाची पत्रिका होती, ती मी गुपचूप खणात सरकवली. त्यानंतर तिला चल म्हणालो नाही.

काल तीच म्हणाली, "उद्या भाजीबाजारात येते तुमच्यासंगं. पन चौकापोत्तरच." मी फक्त बरं म्हणालो. चौकाच्या जरा पुढे, तू पोतं अंथरून वांगी विकायचीस ती जागा आहे. तिथपर्यंत चल, असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. दिव्याखाली मच्छरदाणीचा शेवटचा पदर अजून आहे. राहू दे.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता वाचून दाखवायला तिथे कोण भेटणार, म्हणून हा कागद घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवतोय. एक सांगायचं राहिलं. मच्छरदाणीची युक्ती कुठून शिकलात, असं तिने विचारलं तेव्हा मोबाईलवर पाहिली, असं मी ठोकून दिलं. तुझं नाव घेतलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि ती चौकापर्यंत जाऊन येईस्तोवर तिच्यासमोर रडायचं नाही, असं मी ठरवलंय.