चिनी भाषेतल्या दोन माया

अर्जुनी, पौष वद्य पंचमी, सन १९३६

तीर्थस्वरूप खुशालमामांच्या पायांवर भाचा शालीकराम याचा दंडवत. आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. इकडे धान घरात आले, आई ठणठणीत, आणि मी (शाळेत पोरांना शिकवून झाल्यावर) चिनी भाषा शिकतो.

हसू नका. लिनशेठ नावाचा चिनी फेरीवाला पाठीवर रेशमाचे गाठोडे घेऊन दोन महिन्यांतून एकदा गोंदियाहून येतो. (हिंदी तोडकीमोडकी, पण माणूस गोड.) त्याने सांगितलेले शब्द मी वहीत नागरीत उतरवतो. मधले दोन महिने मीच मास्तर, मीच विद्यार्थी. गुण नेहमी पैकीच्या पैकी!

मागल्या खेपेला बायकोसाठी रेशीम घ्यावे म्हणून मी ऐटीत म्हणालो, "वो माय." म्हणजे 'मी विकत घेतो'. लिनशेठने इकडेतिकडे पाहिले, दोरीवरचे शामकलेचे लग्नातले लुगडे चाचपले आणि रेशमाचा तुकडा माझ्या हाती ठेवला. मी वाकून आभार मानले. मान वर केली तेव्हा तो फाटकाबाहेर आणि लुगडे गाठोड्यात. शामकला तळ्यावरून आली, म्हणाली, "माहं लुगडं काऊन इकलं?" आणि रेशीम माझ्या अंगावर फेकले.

मग वही काढून बसलो. 'घेणे: माय.' खालीच 'विकणे: माय.' चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि मी सूर लिहिलाच नव्हता! शंभरदा चूक घोकली आणि शंभरदा स्वतःलाच शाबासकी दिली. (असा मास्तर दुसरा कोणी असता तर मी त्याची तक्रार केली असती.) लिनशेठचा आवाज आठवून पाहिला. घेण्याची माय खाली बुडून वर येते, विकण्याची वरून धाडकन पडते. बांधावर फिरत दोन्ही घोकू लागलो, तर आई धावत आली, "मी अठीच आहो नं, काऊन बोंबलून राहिला?"

रविवारी शामकलेला घेऊन लिनशेठ उतरतो ती गोंदियाची धर्मशाळा गाठली. रेशीम पुढे ठेवले, लुगड्याकडे बोट केले आणि आवाज बुडवून वर काढला, "वो माय." लिनशेठ पोट धरून हसला, "अब सही! उस दिन तो बेचा था!" लुगडे मिळाले. परतीच्या गाडीत शामकलाही हसली. मामा, असा दिवस फार दिवसांनी उगवला.

आपला,
शालीकराम

ता.क. शामकला म्हणते, खरे लिहा. मी सूर लावण्याआधीच तिने "लुगडा वापस दो" म्हणत ते गाठोड्यातून ओढले होते. कबूल. पण लिनशेठ 'सही' म्हणाला तो मलाच.

पुन्हा ता.क. 'पोराला समजाव' असे आईचे पत्र आपल्याला पोचलेच असेल. जरूर या. तिच्यासमोर मला पोटभर रागवा, तिचे समाधान होईल. फक्त 'चिनी सोडून दे' एवढे म्हणू नका. आपला शब्द मला मोडवणार नाही.