घासायची राहिलेली एक कड

प्रिय बबडे,

पत्र पाहून घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा भाजी काय केलीस एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच, पण शेवटपर्यंत वाच. आणि सोमवारच्या आत वाच.

आधी घराचं सांगतो. तुझ्या पिटुकलीच्या दम्यासाठी डॉक्टरीणबाईंनी दिलेला सूचनांचा कागद तू रागाच्या भरात इथेच विसरलीस. तो मी भिंतीला चिकटवलाय आणि महिनाभर त्याबरहुकूम वागतोय. कोरडा झाडू बंद केला. त्याने धूळ नुसती उठते आणि पुन्हा बसते. आता ओल्या फडक्याने आधी वरचं पुसतो, मग खालचं. पंख्याच्या पात्यांवरून आणि कपाटांच्या माथ्यावरून जे निघालं, ते पाहून माझी मलाच लाज वाटली. जाड गालिचा देऊन टाकला. गाद्या-उशांना चेनच्या खोळी शिवून घेतल्या, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यातून काढतो. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, या वयात कुणावर छाप पाडायचीय? मला हसू आलं नाही.

सुतारकामाची हत्यारं मागच्या आवारात पत्र्याखाली नेली. तुझी आई जन्मभर सांगत होती, भुसा घराबाहेर ठेवा. मी म्हणायचो, याच भुशावर घर चाललंय. ती फडकं घेऊन भुसा पुसायला लागायची. आता वाटतं, तिने एकदा तरी भांडायला हवं होतं.

तुला वाटत असेल, बाबांना उशिरा का होईना शहाणपण सुचलं. तसं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

त्या दुपारी तू कामावर होतीस. जावईबापू पिटुकलीला स्कूटरवरून सोडून गेले, तेव्हा ती जिन्यातूनच मला हाका मारत वर आली. मी तिच्यासाठी लिहायचं टेबल करत होतो. कडा पॉलिशपेपरने घासायच्या होत्या. ती घरात असताना हे काम करायचं नाही, असं तू मला बजावलं होतंस. पण बाहेर वारा सुटला होता. मी खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा सुरू केला. म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम. ती पलंगावर चित्र काढत होती. खोकली, तेव्हा मी पाणी पी म्हणालो. मग ती म्हणाली, “आजोबा, छाती वाजतेय.” मी म्हटलं, “एवढी एक कड राहिलीय, सोने.” ती कड मी पुरी केली, बबडे. मागे वळलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि तिचा दम्याचा पंप कुठे ठेवलाय हे मला आठवेना. तिला तशीच उचलून दवाखान्यापर्यंत पळत गेलो.

तू आणि जावईबापू दवाखान्यात आलात, आणि मला काही विचारायच्या आतच तू नवऱ्याकडे वळलीस. “त्या खोदलेल्या रस्त्यावरूनच आणलंत ना हिला?” ते म्हणाले, “हो, पण तोंडाला रुमाल बांधला होता.” तू त्यांना खोटारडे म्हणालीस. रुमाल खरंच बांधलेला होता, त्याची गाठ मीच सोडली होती. पण मी तोंड उघडलं नाही. माझ्या बाह्यांवर भुसा होता, तो तेवढा हळूच झटकला.

मग पिटुकलीला बरं वाटल्यावर इथलं सामान उचललंस आणि नवऱ्याला सोडून तिला घेऊन मावशीकडे गेलीस. गेल्या आठवड्यात जावईबापू पिटुकलीची पुस्तकं न्यायला आले. मला एकट्याने लाकडी बाक हलवताना पाहून बाह्या सरसावून दुसरं टोक धरलं. निघताना म्हणाले, “चूक माझीच आहे बाबा, दुसऱ्या रस्त्याने आणायला हवं होतं.” तुझं ऐकून ऐकून त्यांना ते खरंच वाटायला लागलंय. काल त्यांच्या खोलीवर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि मला तिथेच बसलेला सोडून ते निघून गेले.

सोमवारी तू घटस्फोटासाठी वकिलाकडे जाणार आहेस, असं मावशी म्हणाली. म्हणून हे पत्र. पिटुकलीला माझ्याकडे पाठव असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी गमावलाय. माझ्याशी नंतर बोल, किंवा बोलूही नकोस. पण सोमवारच्या आधी जावईबापूंना फोन कर. ते उचलतील की नाही, ठाऊक नाही. पुन्हा कर.

तुझाच,
त्या दिवशी गप्प बसलेला बाप