बुधवारची रांग

चि. धाकट्यास,

गेलेल्या माणसाला चि. लिहू नये आणि पत्रही लिहू नये, हे मला कळतं. तरी लिहिते.

तू जेवताना म्हणायचास, "ताई, तुझ्या सरकारी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणूस गारद!" मी म्हणायची, "श्रीमंत असो की गरीब, सगळ्यांना एकच रांग. याहून चांगलं काय असतं?" मग तुझं हृदय बिघडलं, ऑपरेशनसाठी बुधवारच्या यादीत तुझं नाव लागलं. मी तिथली मेट्रन. तू एकदाच म्हणालास, "नाव जरा वर सरकव ना." मी साफ नाही म्हटलं. नंबर यायला आठ दिवस उरले असताना तू गेलास.

काल तुझं नाव यादीतून काढायला गेले, तर खिडकीवरची मुलगी गोंधळली.

"मॅडम, ते तर दर बुधवारी येतात."

तिने केसपेपर पुढे केला. तू गेल्यानंतरच्या सहा बुधवारांचं वजन त्यावर लिहिलेलं होतं, दर वेळी आधीपेक्षा कमी. शेवटचं नऊ किलो.

"मग त्यांना आत का घेत नाही?" मी खडसावलं.

"नंबर पुकारला की ते मागच्या माणसाला पुढे पाठवतात. हसून म्हणतात, मी थांबतो, आमच्या ताईने सांगितलंय."

रांग बरोबरच होती, असं मी आजही म्हणेन. पण उद्या बुधवार आहे. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसेन. नंबर पुकारला की ऊठ. ताईच सांगते आहे, आता आत जा.

तुझी,
ताई