शुगर कमी झाली

४ जानेवारी
नांदेडला जाऊन दादाला बघून आलो. उजवा पाय घोट्याच्या वरून काढलाय. पांढरं बँडेज आणि त्यापुढे नुसती चादर. दादा बोलताना माझ्याच पायांकडे बघत होता. "तुला बी शुगर हाय ना रे? चालत जा. मी गादीवर बसून राहिलो, त्याची ही फळं." येताना गाडीत चप्पल काढून अंगठा दाबून बघितला. दुखला. बरं वाटलं. असल्या गोष्टीचं बरं वाटायचे दिवस आले.

६ जाने.
परभणीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. सकाळी नाश्त्याआधी घ्या म्हणाले, आणि रोज चाला. सु.ने घरी येताच गूळ-साखरेचे डबे वरच्या फळीवर चढवले. लग्नाची बायको आता फौजदार झाली. तिचाही जीव घाबरलाय, म्हणून मी तिला अडवत नाही.

९ जाने.
रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि कुत्री, म्हणून चुडावा स्टेशनच्या फलाटावर चालतो. सपाट आहे, ठेच लागायची भीती नाही. उठल्या उठल्या गोळी, मग फलाट, मग अंघोळ, पूजा, आणि शेवटी नाश्ता. पूजेआधी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे लिंगायत रीतीने गळ्यात इष्टलिंग बांधलं तेव्हापासूनचं. लहान होतो. अजून मोडलेलं नाही. गोळी तर नाश्त्याआधीच जाते, म्हणजे डॉक्टरांचंही ऐकलं.

१५ जाने.
मुलाने पाठवलेल्या शुगर तपासायच्या मशीनवर आकडा चांगलाच उतरला. सु. आमच्या कापडदुकानात आली ती गिऱ्हाइकांसमोरच, "यांची शुगर कमी झाली बरं का!" पातळं बघायला आलेल्या बायासुद्धा खूश. एकीने तिळगूळ पुढे केला, सु.ने माझ्याआधी हात आडवा घातला.

२१ जाने.
दादाचा पाय डोळ्यांपुढून जात नाही. दमेपर्यंत चाललो. थंडी एवढी की तोंडातून वाफ, आणि मला घाम. हात थरथरायला लागले. चहावाला खाजाभाई म्हणाला, "सेठ, ठंड में पसीना? बैठो, चाय लेव." शुगरवाल्याला चहा कसला! नको म्हटलं. शुगर चढली असणार. उद्या आणखी चालायचं.

२४ जाने.
संध्याकाळ. हात अजून नीट चालत नाही, तरी लिहितो.
सकाळी पूजेला बसलो. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात तांब्या. पाणी भलतीकडेच पडायलं. घामाने सदरा भिजला, समोरची समई दोन दिसायली. सु.ला हाक मारायची होती, तिचं नावच आठवेना. एवढ्या वर्षांच्या बायकोचं नाव.
लिंग हातातून घसरलं. मांडीवर. जमिनीवर नाही, तसं झालं तर मोठं पाप. सु.ला दोनदा विचारलं, ती म्हणते मांडीवरच. खरं सांगते की माझ्यासाठी सांगते, कळत नाही.
तिने बोट टोचून मशीन लावलं. पुसट आठवतंय, हसत म्हणाली, "अहो, कमी झाली की! लय कमी झाली!" मी तिथेच आडवा झालो म्हणे. मग तिने घाबरून दादाला फोन लावला, आकडा सांगितला. फोनवर दादा ओरडला, "साखर घाल त्याच्या तोंडात!" ही म्हणते, "भाऊजी, शुगरवाल्याला साखर?" "घाल म्हनलो ना! मरायलाय तो!"
स्टूल घेऊन वरच्या फळीवरून डबा काढला तिने. तोवर मी...
पूजा अर्धी राहिली. तोंडात साखर गेली.

२५ जाने.
डॉक्टर रागावले. रिकाम्या पोटी गोळी आणि वर एवढं चालणं, मग दुसरं काय होणार? गोळी नाश्त्याला बसताना घ्यायची, खाल्ल्याशिवाय चालायचं नाही, खिशात साखर ठेवायची. गोळीही अर्धी केली. सु. म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, कमीच करायची होती ना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "एवढी नाही, ताई." ती गाडीत बसेपर्यंत रडत होती. मीच समजूत घातली. आम्हाला कमीची भीती कुणी शिकवलीच नव्हती.

२९ जाने.
चालायला गेलो नाही. कालही नाही. चप्पल घालतो आणि ओट्यावर बसतो. आकडा पुन्हा वर चाललाय. दादाचा फोन, "चालायला जायलास ना?" हो म्हटलं. खोटं. फलाटावर पडलो तर गाडीखाली, घरी बसलो तर त्याच्यासारखा. दोन्हीकडून तेच. लिंग हातात घेताना उजवा हात खाली धरतो आता, ओंजळीसारखा. पूजेत मन नाही, सगळं लक्ष हाताकडे.

३ फेब्रुवारी
सु.ने अंधारात उठवलं. "पूजा आधी करा, मग गोळी घेऊन खावा, मग चालू. मी येते." एवढं साधं होतं. अर्धी भाकरी खाऊन निघालो. ती कायम झपाझप पुढे चालणारी, मी मागून हाका मारणारा. फलाटावर दुसऱ्याच फेरीला घाम आला. ऊन वर आलं होतं, उन्हाचाच असेल. की तो, शुगर उतरल्याचा? दोन्ही घाम सारखेच ओले. बाकावर बसलो, साखर खाल्ली. सु.ने पिशवीतून मशीन काढलं, "हात द्या." दिला नाही. कमी निघाली तर आत्ताच जीव जाईल, जास्त निघाली तर दादासारखं हळूहळू. म्हटलं, घरी बघू.
घरी येईपर्यंत ती माझ्या मागून चालत होती. म्हटलं, पुढे हो की. म्हणाली, "तुमी चला. मागून दिसतंय मला."