नवरा गेलेल्या बाईची पाटी

तुझ्या नातवाची जीभ फार लांब झाली आहे. होडी धक्क्याला लागली की पहिली पाटी म्हावरं नवरा गेलेल्या बायांना काढायची, ही आपली रीत बंद करा, असं तो काल बंदरावर सगळ्यांदेखत बोलला. रविवारी कोळीवाड्याची सभा आहे, हात वर करून ठरणार. आये, तू कशी आहेस ते मागाहून विचारते.

बाबा खाडीतून परत आला नाही, तेव्हापासून आपण त्याच पाटीवर जगलो. अजून डोळ्यांपुढं आहे: मी लाजून बारकी निवटी उचलून आणली आहेत, तू दारात उभी आहेस, ती बघतेस आणि माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "एवढा मोठा जिताडा व्हता ना पाटीत? मंग त्यो उचल. चोरावानी घेशील तं लोक भीक समजतील." दुसऱ्या दिवशी मी जिताडा उचलला. होडीवाला नाखवा हसला, "आयेवर गेलीय गो पोर!" पण हात आखडला नाही त्यानं.

आता गंमत ऐक. शेजारचा खलाशी जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढतो, आणि तोच म्हणतो बंद करा. मी म्हटलं, "तुजं काय जातं रं?" तर म्हणे, "काकी, उद्या माजी होडी झाली की माजीच पाटी जाईल ना!" होडी अजून त्याच्या डोक्यात आहे, पण तिच्यातलं म्हावरं आतापासूनच राखतोय. त्याच्या बायकोचा राग वेगळा, पाटी घेणाऱ्या एका शेजारणीवर. "तिच्या पोराला पगार हाय, करंजाड्याला फ्लॅट घेतलाय, तरी पाटी घेते. आमी मरमर मरतो, आमाला कोन देतो?" हे मला निम्मं पटतं. आणि तीन होड्यांचा म्हातारा नाखवा म्हणतो, चालू ठेवा. देवमाणूस वगैरे काही नाही तो. दोन्ही पोरगे दर्यात जातात त्याचे, आणि घरात दोन सुना आहेत.

घरी लेकाला विचारलं, "तुजी आजी आयतं खायची काय रं?"

"तवा गरज व्हती, आये. आता कोनी उपाशी नाय. आनि तुला काय कमी हाय? मी देतो ना."

देतो, खोटं कशाला बोलू. सून वाढते, मी खाते. पण जिताड्याचं डोकं खावंसं वाटलं तर मागावं लागतं, म्हणून मी शेपटीच्या तुकड्यावर भागवते. बंदरावर कधी मागावं लागलं नव्हतं. लेकाची होडी आहे म्हणून नवरा गेल्यावरही मी पाटीला हात लावला नाही, चार लोकांत त्याचं नाक राहावं म्हणून. तुला म्हणून सांगते, मला ती पाटी हवी आहे. माझी, कुणी वाढलेली नव्हे. रविवारी चालू ठेवा म्हणून हात वर करीन.

हे कुठं पाठवायचं नाही, तू गेलीस तिथं टपाल जात नाही; तांदळाच्या डब्याखाली राहील. तू उत्तर देऊ नकोस, म्हाताऱ्या नाखव्यानंही मध्ये बोलायचं नाही. माझा हात वर गेला की उत्तर माझ्या लेकानं द्यायचं, सभेत उभं राहून, माझ्याकडं बघून.